मेघालीची तिसरी घंटा

वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असला की सकाळी मला माझाच आवाज ऐकू यायचा.

माझं घर बोईसरहून तारापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, पास्थळच्या पुढे. मागे थोडी शेतं आणि शेतांपलीकडे कारखान्यांची रांग. मी तुळशीला पाणी घालत असायचे, आणि त्या रांगेतून आधी घंटा यायची. एक. दोन. मग थोडी उसंत, आणि तिसरी. त्यानंतर मी बोलायला लागायचे. "मंडळी, बसा. आता मी सांगते ते ऐका."

मी इथे तांब्या धरून उभी, आणि मीच तिथे बोलतेय. तिथल्या मला दम लागत नव्हता. तिथल्या माझे दात शाबूत वाटत होते. पहिल्या दिवशी मला हसू आलं. पुढे पुढे मात्र ती वेळ झाली की मी तांब्या अर्धवट ओतून आत जायचे आणि रेडिओ मोठा करायचे.

तो आवाज तिथे नेऊन ठेवला होता मेघालीने. ही तिची गोष्ट आहे. मी त्यात फक्त आवाजापुरती.

मेघाली सावे चिंचणीची, वाडीवाल्या नरहरी सावेंची धाकटी. तिची माझी ओळख तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात झाली; मी मुलांचं नाटक बसवायला गेले होते. मी जिच्यात काम करायचे ती नाटक कंपनी तेव्हा बंद पडली होती. मालकांनी जाताना ज्याला जे हवं ते दिलं. कुणी पडदे नेले, कुणी पेटी नेली, मी घंटा मागून घेतली. जाड पितळेची, लाकडी मुठीची. आमच्या दौऱ्यांत डहाणूपासून वसईपर्यंतच्या मैदानांवर ती वाजली आहे. पहिली घंटा म्हणजे या, दुसरी म्हणजे जागा धरा, आणि तिसरी म्हणजे आता कुणी बोलायचं नाही. शाळेच्या नाटकात मेघालीला काम मिळालं नव्हतं. कोपऱ्यात तोंड पाडून उभी होती. मी तिच्या हातात घंटा दिली आणि म्हटलं, "सगळ्यांत मोठं काम तुझं. तू वाजवल्याशिवाय पडदा उघडत नाही."

तिने तिसरी घंटा वाजवली. बाहेर मैदानात अख्खी चिंचणी बसली होती. पोरं रडत होती, भेळवाला ओरडत होता. सगळं एकदम गप्प झालं. त्या मुलीचे डोळे मला अजून आठवतात. पडद्याच्या फटीतून ती बघत होती. "मावशी, मी केलं हे?" तिने कुजबुजत विचारलं.

पुढे ती पालघरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकली आणि रंगांची रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागली. तिथून सेफ्टी विभागात. तिथे तिचं काम कामगारांना शिकवण्याचं. गॅस सुटला तर काय करायचं, हातमोजे कधी घालायचे, कुठल्या पिंपाला हात लावायचा नाही. तिच्या आधी एक साहेब पडद्यावरचं इंग्रजी वाचून दाखवायचे आणि कंत्राटी कामगार उघड्या डोळ्यांनी झोपायचे. एकदा खरोखरच थोडी गळती झाली. भोंगा वाजला तशी माणसं जीव घेऊन पळाली आणि अरुंद फाटकात एकमेकांवर पडली. गॅसने कुणाला काही झालं नाही. जिवल्याचा हात मात्र माणसांच्या पायांखाली मोडला. जिवल्या मासवणकडचा. पावसाळ्यात घरची भातशेती, बाकीच्या दिवसांत ठेकेदाराच्या टेम्पोतून इथे.

हाताला प्लास्टर घालून बसलेल्या जिवल्यासमोर मेघाली म्हणे बराच वेळ बसून होती. तिथून उठली ती थेट माझ्याकडे आली.

"मावशी, घंटा आहे अजून?"

"आहे की. तुझं लग्न ठरलं का?"

"नाही हो. आवाज पण हवाय तुमचा. भोंग्याने माणसं घाबरतात. तुमच्या आवाजाने कुणी घाबरणार नाही."

मी कित्येक वर्षांनी पदर खोचून उभी राहिले. तिने फोनवर घंटा टिपली, मग मला. वाक्यं तिची, सूर माझा. वास आला तर वारा बघा. वाऱ्याला आडवे चला. फाटकाबाहेरच्या वडाखाली जमा. वाक्यं इतकी सोपी होती की मला वाटलं, ही पोरगी लेखिका व्हायची.

रोज सकाळी पाळी सुरू होताना कॅन्टीनमध्ये हे लागू लागलं. तिसऱ्या घंटेला सगळ्यांनी खाली बसायचं, हात गुडघ्यांवर, तोंड बंद. मग माझं बोलणं. मग तीन प्रश्न, आणि सगळ्यांनी एका सुरात उत्तरं. मराठीवाले, हिंदीवाले, डोंगरातले, सगळे. महिन्याभरात एकही उत्तर चुकेना. कारखान्याचे मॅनेजर भावेशभाई माझ्याकडे पेढे घेऊन आले. "मौसी, आप की आवाज में जादू है," म्हणाले. म्हाताऱ्या नटीला आणखी काय हवं असतं?

मेघालीला मात्र हवं होतं. हे आपल्याला जमतं, असं तिला कळून चुकलं होतं, आणि का जमतं ते तिला कळत नव्हतं. तेव्हा तिने ऐकलं की याचीसुद्धा पदवी असते. इन्स्ट्रक्शनल डिझाइन. माणूस कसा शिकतो ते समजून घ्यायचं आणि त्याप्रमाणे शिकवणं आखायचं. दोन वर्षांचा पूर्ण वेळ अभ्यासक्रम, दुसऱ्या राज्यात.

ही बातमी तिने वडिलांना माझ्या ओटीवर सांगितली. मुद्दामच, म्हणजे ते फार ओरडणार नाहीत. नरहरीभाऊ माझ्यासाठी वाडीतल्या शेवग्याच्या शेंगा घेऊन आले होते.

"शिकवायचं कसं, ते शिकाला दोन वर्सं?" ते म्हणाले. "मंग शिकवणाऱ्याला शिकवतो कोन?"

"बाबा, असतात तिथे प्राध्यापक."

"आनि त्यांना?"

"नरहरीभाऊ, तुम्ही नारळावर चढायला शिकलात तेव्हा तुम्हाला कोणी शिकवलं?" मी मध्ये पडले.

"पडलो दोनदा. तेनी शिकवला." मग मुलीकडे वळून म्हणाले, "आनि बोईसरचा ब्लॉक?"

प्रश्न तिथे येऊन थांबला. नोकरीला लागल्यापासून मेघालीने एका ब्लॉकसाठी पैसे साठवले होते. फी भरली, तिथलं राहणं धरलं आणि दोन वर्षं पगार नाही हे धरलं, की ब्लॉक गेला. बदल्यात काय मिळणार, हे तिने सुजीतला विचारलं होतं. सुजीत आधी तिच्याच विभागात होता. तीच पदवी घेऊन आता पुण्यात घरी बसून बँकांसाठी आणि मोठ्या दुकानांसाठी कोर्स बनवायचा. पगार इथल्यापेक्षा अडीचपट. तिने माझ्यासमोरच त्याला फोन लावला होता, आवाज मोठा करून.

"खरं सांगू?" सुजीत म्हणाला. "पदवीचा कागद पहिल्या नोकरीच्या दारापर्यंत नेतो. दार उघडलं की विचारतात, काम दाखव. काम दणदणीत असेल तर कागद नसला तरी चालतं काही ठिकाणी."

"आणि तुला आवडतं का रे?"

"हजारो लोक माझे कोर्स पूर्ण करतात. मला आकडे दिसतात. एवढ्या वर्षांत एक चेहरा पाहिला नाही मी. कधी कधी वाटतं पलीकडे कुणी नाहीच. कोणीतरी नुसती बटणं दाबतंय."

मेघाली हसली. मला मात्र हसता आलं नाही. रिकाम्या प्रेक्षागृहात तालीम करताना खुर्च्या बघतात असं वाटतं, तसं काहीसं वाटलं.

"तुला काय दाखवायचंय, मेघाली?" सुजीतने विचारलं.

"पुढच्या महिन्यात मॉक ड्रिल आहे. त्याचं शूटिंग होणार आहे. तेच दाखवीन."

म्हणजे सगळं त्या एका दिवसावर येऊन ठेपलं. ड्रिल चांगलं झालं तर तेच अर्जासोबत जाणार होतं, तेच नोकरीसाठीही. कदाचित पदवीची गरजच उरणार नव्हती आणि ब्लॉकही वाचणार होता. तिने एक नवी सोयही केली होती. आणीबाणीला आता भोंगा वाजणार नव्हता. कर्ण्यांतून माझी घंटा वाजणार होती, तीनदा, आणि मग माझा आवाज. रोजचा, ओळखीचा. म्हणजे कुणी घाबरणार नाही आणि कुणाचा हात मोडणार नाही. मला ते फार सुंदर वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं.

ड्रिलच्या आदल्या आठवड्यात बोईसरच्या बाजारात एक गोष्ट घडली. मी नवापूरच्या कोळणीकडे बोंबील घेत होते. मला बघून ती स्टूल द्यायला उठली.

मी म्हटलं, "बसा, बसा. आधी भाव सांगा."

मागे धप्प आवाज झाला. मी वळले. एक तरुण माणूस, हातात भाजीची पिशवी, मासळीच्या ओल्या चिखलात मांडी घालून बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर. चेहरा शांत, डोळे समोर कुठेतरी.

"अगो बाय!" कोळीण ओरडली. "दादा, मावऱ्याच्या पान्यात काला बसलास? लगीन हाय काय तुजा, पाटावर बसल्यासारका?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. तो भानावर आला, लाजला, पँट झटकत उठला. "आवाज आला ना," एवढंच पुटपुटला आणि गर्दीत गेला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. आवाज आला होता. तो कुणाच्या तोंडातून आला, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

मी मेघालीला सांगितलं तेव्हा तिने टाळीच वाजवली. "मावशी, हेच तर हवं होतं! अंगात मुरलं म्हणजे हेच!" तिच्या आनंदात मीही हसले. बोंबील मात्र त्या दिवशी मला गेले नाहीत.

ड्रिलच्या दिवशी भावेशभाईंनी मला गाडी पाठवली. मी नऊवारी नेसले, कपाळावर मोठं कुंकू लावलं. फाटकाजवळच्या मांडवात पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या. आजूबाजूच्या कारखान्यांतले अधिकारी, कुठल्याशा कचेरीतले दोन साहेब, आणि मी. मेघाली निळं हेल्मेट घालून कॅमेरावाल्याजवळ उभी होती. दुपार होती. वारा आता समुद्राकडून येत होता. खांबावरची वाऱ्याची पिशवी, ती भगवी-पांढरी कापडी नळी, पूर्वेकडे ताठ झाली होती.

कुणीतरी धुराचे डबे पेटवले. खरं विषारी काही नाही, नुसता पांढरा धूर. तो टाक्यांमागून निघाला आणि जमिनीला चिकटून सरकत अंगणात आला. अंगणात माणसं कामाला होती. कुणी पिंप ढकलत होतं, कुणी पोती मोजत होतं, जिवल्या पाइपच्या जोडाशी वाकला होता.

कर्ण्यांतून घंटा वाजली. एक.

माणसांनी हातातलं खाली ठेवलं.

दुसरी.

सगळे सरळ उभे राहिले.

तिसरी वाजली आणि ते बसले.

सगळे. जिथे होते तिथे. पिंपांच्या मधल्या बोळात, टाकीच्या शिडीखाली, रस्त्याच्या मधोमध. हात गुडघ्यांवर. एवढ्या मोठ्या अंगणात पानाची सळसळ तेवढी ऐकू येत होती. मग माझा आवाज आला, तोच शाबूत दातांचा, धाप न लागणारा. "मंडळी, घाबरू नका. वारा बघा. वाऱ्याला आडवे चला. फाटकाबाहेरच्या वडाखाली जमा."

कुणी हललं नाही. धूर पुढच्या रांगेपर्यंत आला, त्यांच्या गुडघ्यांवरून, छातीवरून, डोक्यांवरून गेला. थोड्या वेळाने पुढची रांग दिसेनाशी झाली. आणि त्या पांढऱ्या धुरातून, एका सुरात, उत्तरं आली.

"वारा बघायचा! आडवं जायचं! वडाखाली जमायचं!"

एकही उत्तर चुकलं नाही. उत्तरं संपली आणि पुन्हा शांतता. धुरात कुणीतरी खोकलं. खोकलं, पण उठलं नाही.

रंगमंचावर मी आयुष्यभर ज्या शांततेची वाट पाहिली ती ही होती. पडद्यामागून ती ऐकायला मी मुद्दाम थांबायचे. इथे खुर्चीत बसून ती ऐकताना मला ती मोडावीशी वाटली. मी उठून ओरडावं म्हटलं, "अरे, उठा!" आणि मग मनात आलं, मी ओरडले तर हा आवाज ऐकून ते आणखी ताठ बसतील.

माझ्या शेजारून टाळ्या सुरू झाल्या. पाहुणे टाळ्या वाजवत होते.

"क्या डिसिप्लिन है!" कुणीतरी म्हणालं. "ना भागदौड, ना धक्का!"

भावेशभाईंचा चेहरा फुलला होता. मी मेघालीकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. शाळेतल्या त्या पडद्याच्या फटीतून बघत होती तशीच धुराकडे बघत होती, डोळे तेवढेच मोठे. मग ती धावत अंगणात गेली, जिवल्याच्या खांद्याला धरून त्याला हलवलं. दुसऱ्याला हलवलं. एकेकाला हाताने उठवावं लागलं.

संध्याकाळी ती जिवल्याला घेऊन माझ्या ओटीवर आली. तिला त्याच्याकडून ऐकायचं होतं आणि एकटीने ऐकायची हिंमत नव्हती.

"जिवल्या, तू उठला का नाहीस?"

"घंटा झाली ना, ताई." तो गोंधळला होता. "घंटा झाली का बसायचा. तुमीच सांगलात."

"पण आवाज सांगत होता ना, वाऱ्याला आडवं चला?"

"तो रोजच सांगतो. आमी रोजच बोलतो. बोलला का झाला ना?" मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. "ही कोन हाय?"

"अरे, हाच तो आवाज. या वत्सलामावशी."

जिवल्या एक पायरी मागे सरकला. "हिचा?" तो हळूच म्हणाला. "आमाला वाटला ती बाय मेलेली हाय. मेल्याबिगर कोनी रोज त्याच येली त्याच सुरात बोलंल काय? म्हून तर आमी हलत नसू."

मी त्याला चहा दिला. त्याने कप घेताना माझ्या बोटांना हळूच बोट लावून बघितलं, ऊब आहे का ते. मग हसला. मलाही हसू आलं, पण तो गेल्यावर मी स्वतःचा हात चाचपून पाहिला, हे खरं आहे.

मेघाली पायरीवर बसून होती. "मावशी, मी त्यांना काहीच शिकवलं नाही असं असतं तर बरं झालं असतं. ते निदान पळाले असते. मी शिकवलं आणि ते शिकले. अगदी पक्कं शिकले. मला शिकवायचं होतं ते सोडून." मग म्हणाली, "खरा गॅस असता तर?"

मागे शेतांपलीकडे अंधारात कारखान्यांचे दिवे लागत होते.

दुसऱ्या दिवशी भावेशभाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीचे गुजरातेत आणखी कारखाने आहेत. तिथेही हीच घंटा, हाच आवाज बसवायचा ठरला होता. मेघालीला त्या सगळ्याची प्रमुख करणार होते. पगार जवळजवळ सुजीतएवढा. पदवी नको, परराज्य नको, ब्लॉक शाबूत.

"सर, ते उठले नाहीत," मेघाली म्हणाली.

"अरे, ड्रिल थी ना! असली में उठ जाएंगे."

"असली में भी नहीं उठेंगे, सर."

"मेघाली, रिपोर्ट में लिखा है, किसी को चोट नहीं आई. और तुम्हें क्या चाहिए?"

त्याच रात्री सुजीतचा फोन. तिने शूटिंग त्याला पाठवलं होतं. तो वेडा झाला होता. "अगं, हे काय आहे! हे मी आमच्या साहेबांना दाखवतो. पदवी विसर, उद्या नोकरी पक्की. असं मी कधी पाहिलं नाही. माणसं काय बसतात!"

"सुजीत, शेवटपर्यंत बघ."

"बघितलं."

"परत बघ. आवाज बंद करून बघ."

त्याने फोन चालू ठेवूनच पुन्हा बघितलं. मग तो म्हणाला, "ठेवतो मी." आणि त्याने ठेवला.

पुढचे काही आठवडे मेघाली माझ्याकडे आलीच नाही. आली ती नरहरीभाऊंबरोबर. तिने अर्ज भरला होता, आणि अर्जासोबत तेच शूटिंग जोडलं होतं. खाली लिहिलं होतं की हे माझं सगळ्यांत यशस्वी आणि सगळ्यांत घातक काम आहे, आणि हे असं का झालं ते मला शिकायचं आहे. प्रवेश मिळाला होता. फी भरायची होती.

"पगार वाढेल का, बाबा, मला माहीत नाही. कदाचित इथे मिळत होता त्याहून कमीच मिळेल. पण हे समजल्याशिवाय मला आता कुणाला साधा पत्ता सांगायचीही भीती वाटते."

नरहरीभाऊ शेवग्याच्या शेंगा सोलल्यासारखी बोटं चाळवत होते. "ब्लॉकाला खिडकीतून काय दिसनार होता?" ते म्हणाले. "दुसऱ्याचा ब्लॉक. भर फी." मग माझ्याकडे बघून, "पन ताई, हिला सांगा, आधी हितला निस्तरून जा. अर्धी बांधलेली भाताची बांधी सोडून कोनी जात नाय."

ते तिला सांगावं लागलं नाही. भावेशभाईंचं पद तिने नाकारलं होतं आणि जाईपर्यंतचे दिवस मागून घेतले होते. भावेशभाईही शेवटी माणूसच. तिने त्यांना एकदा आवाज बंद करून ते शूटिंग दाखवलं आणि त्यांनी गुजरातेतलं काम थांबवलं.

कॅन्टीनमधला कर्णा बंद झाला. मेघाली घंटा घेऊन माणसांत गेली. कधी पिंपांपाशी, कधी शिडीखाली, वेळ न सांगता. घंटा वाजली की उठायचं, वाऱ्याची पिशवी बघायची, चालायचं. बोलायचं काही नाही. बोललं की पुन्हा पहिल्यापासून. मीही गेले, तिच्या आग्रहावरून, म्हणजे आवाजाला हातपाय आहेत हे त्यांना दिसावं म्हणून. मी त्यांच्याबरोबर काठी टेकत वडापर्यंत चालायचे. सुरुवातीचे दिवस मी विसरणार नाही. तिसरी घंटा वाजली की त्या सगळ्यांचे गुडघे आधी वाकायचे. मनाने नको म्हटलं तरी वाकायचे. अर्ध्यावर थरथरत थांबायचे, आणि मग कुणी अदृश्य हात काखेत घालून उचलावं तसे ते सरळ व्हायचे. अंगात मुरलेलं काढायला मुरवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. पण शेवटी घंटेबरोबर पाय चालू लागले, आणि मेघाली गेली.

घंटा तिने मला परत दिली. सकाळी आता वाऱ्यावरून काही येत नाही. मी तुळशीला सावकाश पाणी घालते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी देवाची भांडी काढली होती. चिंचेने घासून ओळीत उन्हात ठेवली, त्यात घंटाही. ती पुसताना आतला लोलक हलला आणि एक ठोका पडला. समोर रस्त्यापलीकडे झाडाखाली कामगार ठेकेदाराच्या टेम्पोची वाट बघत बसले होते. पाळी सुटली होती, विड्या पेटल्या होत्या, कुणीतरी फोनवर गाणं लावलं होतं. त्या ठोक्याबरोबर गाणं बंद झालं.

मी घंटा घट्ट धरली. पण हात म्हातारा, पितळ ओलं. दुसरा ठोका पडला.

विड्या खाली गेल्या. मला कळत होतं की आता ती खाली ठेवावी. पण रंगमंचावर वाढलेल्या बाईला दोन घंटांवर थांबता येत नाही, आणि मला पाहायचंही होतं. मेघालीसाठी पाहायचं होतं. मी तिसरी वाजवली.

ते उठले. गुडघे वाकले नाहीत. सगळ्यांची तोंडं एकदम माझ्या अंगणातल्या दोरीकडे वळली. तिथे माझं लुगडं वाळत होतं, त्यावरून त्यांनी वारा पाहिला. आणि न बोलता, रांगेने, वाऱ्याला आडवे, नाल्यावरच्या मोरीकडे चालू लागले. सगळ्यांत पुढे जिवल्या. टेम्पो आला, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, "ए, किधर जा रहे हो?" म्हणून ओरडला. कुणी मागे पाहिलं नाही.

मी धडपडत आत जाऊन मेघालीला फोन लावला. तिच्याकडे वर्ग चालू असावा, ती हळू आवाजात बोलली.

"मावशी? बरं आहे ना?"

"चुकून घंटा वाजली गं. समोर तुझी माणसं होती."

"बसले?"

"उठले. सगळे. वारा बघून आडवे गेले."

ती रडली की हसली, सांगता येणार नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि आता?"

मी फोन कानाला धरून ओटीवर आले. टेम्पो उभा होता, ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून उभा होता. पलीकडे मोरीपाशी ते सगळे एका रांगेत थांबले होते, माझ्या घराकडे तोंड करून. ऊन उतरत होतं. कुणी हलत नव्हतं.

"तिथेच उभे आहेत," मी म्हटलं. "मेघाली, परत यायचं शिकवलं होतंस का त्यांना?"

पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

मी घंटा दारामागे ठेवली, काठी घेतली आणि फोन तसाच हातात धरून त्यांना आणायला पायऱ्या उतरू लागले.